घाटाचा राजा कोण?

मनुष्याच्या अंगच्या गुणांपैकी ज्याचा गौरव फार होतो आणि ज्याचा गैरफायदाही तितकाच घेतला जातो, असा एक गुण म्हणजे दम. आपल्या भाषेने या एका शब्दात सारा संसार भरून ठेवला आहे. चढ चढताना दम लागतो, अडचणीत दम धरावा लागतो, झाडाखाली बसून दम घ्यावा लागतो. आणि मुकादम मजुराला देतो तोही दमच. आजचा विषय वरवर पाहता खेळाचा आहे. थंडीच्या दिवसांत डोंगर चढून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकल-शर्यती आणि त्यांत उतरणारी माणसे, यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे. परंतु ज्याचे आयुष्य कारखान्याच्या गेटावर गेले, तो खेळ पाहतानाही घड्याळाकडे पाहतो आणि विचारतो : हा दम कोणाचा, किती वेळचा, आणि कोणाच्या फायद्याचा? या तीन प्रश्नांच्या उजेडात हा इतिहास पाहिला, तर त्यात केवळ खेळाडूंचे पराक्रम दिसत नाहीत. कामगारांच्या इतिहासाचे एक पान दिसू लागते.

आपल्या जासईच्या माणसाला या खेळाचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. गेल्या शतकाच्या मध्यापासून मुंबई–पुणे सायकल शर्यतीने महाराष्ट्रात नाव मिळविले. मधून मधून ती खंडित झाली, पुन्हा सुरू झाली. पण तिचा लौकिक ओसरला नाही. अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास, ऋतू बहुधा हिवाळ्याचा, आणि वाट आपल्या शेजारच्या पनवेलवरून खोपोलीला व तेथून बोरघाटाने खंडाळा-लोणावळ्याला जाणारी. या शर्यतीत पुण्याला पहिला पोहोचणाऱ्याइतकाच मान आणखी एकाला मिळतो. घाटमाथा जो प्रथम गाठतो, त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. रेल्वेतले, सैन्यदलातले, पुण्या-सांगलीकडचे तरुण या पदवीसाठी जिवाचे रान करीत आले आहेत. ही पदवी मला फार आवडते. राजा म्हणविणाऱ्या माणसाने स्वतःच्या पायांनी घाट चढावा, असा नियम इतिहासात दुसरीकडे कोठे सापडत नाही!

आता हा चढ म्हणजे नेमके काय, याचा हिशेब करू. खोपोलीपासून खंडाळ्याच्या माथ्यापर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर उंच चढतो. स्वार ६० किलोचा आणि सायकल १५ किलोची धरली, तर ७५ किलो वजन ५०० मीटर उचलावयाचे. हमाली भाषेत सांगावयाचे तर ५० किलोचे पोते तीन मीटर उंचीच्या माडीवर अडीचशे वेळा चढविण्याएवढे हे काम झाले. वाऱ्याचा अडथळा आणि चाकांचे घर्षण यांत धरलेलेच नाही. असे काम जो करतो, त्याच्या गळ्यात हार घातलाच पाहिजे. मात्र हिशेबाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. माथाडी कामगार पोत्याबरोबर स्वतःच्या देहाचे वजनही प्रत्येक खेपेला वर नेतो, आणि ते वर्षातून एकदा नव्हे, रोज नेतो. त्याच्या या कामाला कायद्याचे संरक्षण मिळावयास १९६९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला.

ज्या घाटात हा मुकुट दिला जातो, तो घाट तरी कोणी घडविला? बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० साली खुला झाला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याचे नाव त्या कामाशी जोडले गेले आहे. पुढे रेल्वे आली. घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. सुमारे २५ किलोमीटर लांबीच्या या मार्गाला १,८३१ फूट चढावयाचे होते. काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा उभा चढ होता आणि कातळातून २५ बोगदे खणावे लागले. १८६१ साली या एका घाटावर सुमारे ४२,००० माणसे राबत होती. पहार, घण, सुरुंगाची दारू आणि डोक्यावरची पाटी एवढ्या साधनांवर हे काम झाले. पटकीने आणि तापाने माणसे हजारोंनी गेली.

यातील एक प्रसंग शाळेच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. १८५९ च्या जानेवारीत, म्हणजे ऐन थंडीत, मजुरीच्या तक्रारीवरून बोरघाटातील मजुरांचा उद्रेक झाला. दंगल झाली आणि एक युरोपियन मारला गेला. सरकारला चौकशी करावी लागली. फॅव्हिएल नावाच्या कंत्राटदाराने त्याच वर्षी कंत्राट सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला. तो थोड्याच दिवसांत आजाराने मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने व्यवस्थापक नेमून काम तडीस नेले. त्या बाईच्या धीराचे कौतुक होते, ते योग्यच आहे. परंतु जानेवारी १८५९ मध्ये ज्यांनी आपल्या घामाचा दाम मागितला, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्या वेळी देशात कामगार संघटना नव्हती, कायदा नव्हता, हजेरीपत्रकही मुकादमाच्या हाती. खंडाळ्याच्या वाटेवर शिंगरोबाचे लहानसे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराची कथा तेथे सांगतात. आख्यायिका असेल, पण जाणारे-येणारे तेथे नाणे टाकतात, हात जोडतात. ज्यांना इतिहासाने विसरून टाकले, त्यांची आठवण लोकांनी देवळाच्या रूपाने ठेवली, असे मी समजतो.

आता सायकलकडे वळू. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस याने पायांनी जमीन ढकलत चालविण्याची लाकडी दुचाकी केली. १८६० नंतर फ्रान्समध्ये तिला पायटे आले. १८८५ साली इंग्लंडात स्टार्ली याने मागच्या चाकाला साखळीने फिरविणारी, दोन्ही चाके सारखी असलेली सायकल काढली, आणि १८८८ साली डनलॉपने हवेची धाव दिली. सायकल येथे पुरी झाली. त्यानंतरचे बदल तपशिलाचे आहेत. श्रीमंताची करमणूक म्हणून निघालेले हे यंत्र काही दशकांतच गरिबाचे वाहन बनले. आपल्याकडे नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लावलेली, कॅरियरला डबा बांधलेली सायकल म्हणजे कामगाराची ओळखच होती. ठाणे–बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या म्हणजे रस्त्यावर सायकलींचा पूर लोटत असे. आमच्या युनियनची पत्रके गेटागेटावर पोहोचली तीही सायकलीवरूनच.

सायकल आली तशी शर्यतही आली, आणि शर्यतीबरोबर माणसाचा दम विकावयास काढणारेही आले. १८९० च्या दशकात अमेरिकेत सहा दिवसांच्या शर्यती निघाल्या. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहात स्वारांनी सहा दिवस व सहा रात्री गोल गोल फिरत राहावयाचे. झोप जो जितकी कमी घेईल, त्याचे अंतर तितके अधिक. लोक तिकिटे काढून येत. चौथ्या-पाचव्या दिवशी स्वारांना भास होऊ लागत, ते पडत, रडत, त्यांना पुन्हा उचलून सायकलीवर बसविले जाई. हा तमाशा इतक्या थराला गेला की, न्यूयॉर्क राज्याला कायदा करून एका स्वाराने दिवसाच्या चोवीस तासांत बारा तासांहून अधिक धावू नये, असे ठरवावे लागले. आयोजक मोठे हुशार! त्यांनी दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाने धावावे, दुसऱ्याने विसावा घ्यावा. १८९९ साली अशी शर्यत झाली आणि त्या सभागृहाचे नाव या प्रकाराला कायमचे चिकटले. ‘मॅडिसन’ ही ऑलिंपिकमधील शर्यत म्हणजे त्या बारा तासांच्या कायद्याचे अपत्य होय.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून आपल्याकडचे पंचांग पाहा. अमेरिकेतील त्या स्वारांना बारा तासांची मर्यादा मिळाली, त्या वेळी मुंबईच्या गिरणीतील प्रौढ पुरुष कामगाराला कोणतीच मर्यादा नव्हती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, आणि विजेचे दिवे आल्यावर त्याहूनही अधिक वेळ, साचे चालत. कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा १९११ साली झाला. पुढे १९२२ साली अकरा तास, १९३४ साली दहा आणि १९४८ साली नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, असा तो खाली उतरला. खेळात जे क्रौर्य लोकांना तिकीट काढून दिसत होते, ते गिरणीच्या भिंतीआड कोणाला दिसत नव्हते, एवढाच फरक. दम किती वेळ काढावयाचा याला मर्यादा असली पाहिजे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

याच संदर्भात रविवारचे स्मरण केले पाहिजे. आपल्या शर्यती रविवारी होतात, आपली व्याख्याने रविवारी होतात, आणि हा रविवार आकाशातून पडला असे आपण समजतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी झाली. १० जून १८९० पासून गिरण्यांना ती सुट्टी मिळाली. जेथे श्रीमंतांचे घोडे धावत, त्या मैदानावर गरिबांनी आपला विसाव्याचा दिवस मिळविला. ज्याला सुट्टी नाही त्याला खेळ नाही. म्हणून घाटाच्या राजाच्या मुकुटात एक पीस लोखंड्यांचे आहे, हे विसरू नये.

युरोपातील शर्यतींकडे पाहिले म्हणजे हीच गोष्ट आणखी ठळक होते. फ्रान्सची प्रसिद्ध ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ साली निघाली, ती एका क्रीडा-वृत्तपत्राचा खप वाढविण्यासाठी. त्या काळच्या स्वारांमध्ये यूजेन क्रिस्तोफ नावाचा माणूस होता. धंद्याने कुलुपे करणारा कारागीर. एप्रिल १९१० मध्ये इटलीतील मिलान–सान रेमो शर्यतीत घाटमाथ्यावर हिमवर्षाव झाला. साठाहून अधिक स्वार निघाले होते. त्यांपैकी अवघ्या चौघांची नावे निकालात आली. क्रिस्तोफ गारठून रस्त्याकडेला पडण्याच्या बेतात असता एका खाणावळवाल्याने त्याला आत नेऊन ऊब दिली. तो पुन्हा बर्फात निघाला आणि बारा तासांहून अधिक वेळ घेऊन जिंकला. त्यानंतर तो महिनाभर इस्पितळात होता, आणि पूर्ववत होण्यास त्याला जवळजवळ दोन वर्षे लागली. जिंकणे किती महाग पडू शकते, याचे हे उदाहरण.

याच क्रिस्तोफची १९१३ सालची गोष्ट तर प्रत्येक कामगाराने ऐकावी. तूरमालेचा घाट उतरताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा की, मोडतोड झाली तर स्वाराने स्वतःच दुरुस्त करावयाची. दुसऱ्याचा हात लागता कामा नये. तो सायकल खांद्यावर घेऊन डोंगर उतरला, मैलामागून मैल चालत एका खेड्यातील लोहाराच्या शाळेत पोहोचला. शर्यतीचे अधिकारी पाठोपाठ येऊन उभेच होते. त्यांच्या डोळ्यांसमोर त्याने लोखंड तापविले, ठोकले, चिमटा जोडला. या कामात तास गेले आणि शर्यत हातची गेली. तरीही अधिकाऱ्यांनी त्याला वेळेचा दंड केला. कारण भाता फुंकण्यास लोहाराच्या एका पोराने मदत केली होती! कारागिराचे हात दोनच. एका हाताने भाता ओढून दुसऱ्याने घण कसा मारावा, हे त्या नियम करणाऱ्याला कोणी विचारले नाही. असे नियम आणि असे अधिकारी आपल्या ओळखीचे नाहीत काय?

१९२४ साली आणखी एक ठिणगी पडली. आदल्या वर्षी शर्यत जिंकलेला आंरी पेलिसिए पहाटेच्या थंडीत दोन बनियनी घालून निघाला आणि ऊन चढल्यावर एक उतरविली. निघताना अंगावर जे होते तेच शेवटी असले पाहिजे, असा नियम दाखवून अधिकारी त्याच्या बनियनी मोजू लागला. पेलिसिए, त्याचा भाऊ आणि एक सहकारी यांनी कुतांस या गावी शर्यत सोडली. आल्बेर लोंद्र नावाच्या पत्रकाराला त्यांनी आपली पिशवी उघडून दाखविली : डोळ्यांत घालावयाची आणि हिरड्यांना चोळावयाची औषधे, गोळ्या, या आधारावर चालणारा हा दम! मी याला तीन माणसांचा संप म्हणतो. मागणी पैशाची नव्हती, बनियनीची होती. म्हणजेच माणूस म्हणून वागविण्याची होती. त्याच शर्यतीच्या चालकांनी चढावर पाय हलके करणारी गिअरची साखळी १९३७ पर्यंत स्वारांना वापरू दिली नाही. हत्याराने काम सोपे झाले तर पराक्रम कमी होतो, ही समजूत नेहमी तिची असते ज्याला स्वतः काम करावयाचे नसते.

यानंतर डोंगरी सायकल आली. तिचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर झाला. जुन्या, जाड टायरच्या जड सायकली घेऊन काही तरुण डोंगरउतारावरून शर्यती लावू लागले; पहिली नोंदलेली शर्यत १९७६ सालची. उतारावर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की, आतले ग्रीस जळून धूर निघे आणि तळाशी पोहोचल्यावर पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्या भरण्यावरूनच शर्यतीला ‘रीपॅक’ नाव पडले. मोठ्या कारखान्याने नव्हे, फिटरच्या हाताने झालेला हा शोध. १९९६ साली तो ऑलिंपिकमध्ये गेला. १९८७ साली अलास्कात बर्फाच्या वाटेवर दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली. चाके बर्फात रुतू नयेत म्हणून स्वारांनी रिमा शेजारी शेजारी जोडून रुंद चाके बनविली. मिनेसोटा राज्यात २००५ पासून ऐन हिवाळ्यात १३५ मैलांची शर्यत होते. तिच्या नियमांत मला फार अर्थ दिसतो. उणे २९ अंशांपर्यंत ऊब देणारी झोपण्याची पिशवी, शेगडी, इंधन, दिवे आणि शिलकीचे अन्न ज्याच्यापाशी नाही, त्याला शर्यतीत घेत नाहीत. बनियनी मोजणाऱ्या नियमापासून ऊब तपासणाऱ्या नियमापर्यंत माणूस आला, ही प्रगती होय. आणि ती आपोआप झालेली नाही.

आपली माणसेही या लांब वाटांवर मागे राहिलेली नाहीत. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या एका व्यायामशाळेतील सहा पारशी तरुण सायकलीवरून जगाच्या फेरीस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे वाळवंटे आणि डोंगर ओलांडून १८ मार्च १९२८ रोजी परतले. अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या आत पार पाडली. ‘एकट्याने’ हा शब्द मात्र जपून वापरावा. अशा स्वाराच्या मागे मोटार असते; तीत चालक, मेकॅनिक, अन्नपाणी देणारे, झोपेची वेळ सांभाळणारे सोबती असतात. दम एकाचा दिसतो. तो धरलेला असतो अनेकांनी. हे स्वार स्वतःही तसेच सांगतात. संपात उतरणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावयास नको. आपल्याच कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे जमिनी न कसता संप चालविला, तो एकेकट्याच्या दमावर नव्हे.

स्वेच्छेने काढलेला दम आणि लादलेला दम यांतील भेद ओळखावा, एवढेच या इतिहासातून मला काढावयाचे आहे. पहिला माणसाला मोठा करतो, दुसरा त्याला झिजवितो. शर्यतीतील स्वार हवे तेव्हा उतरून बसू शकतो. त्याला शेवटची रेषा असते आणि रेषेपलीकडे विसावा असतो. आज घरपोच माल पोहोचविणारा तरुण पाठीवर पेटी घेऊन मिनिटामिनिटाशी शर्यत लावतो, त्याला ती रेषाच नाही. त्याची शर्यत कोण लावतो हे त्याला दिसतही नाही. अशा कामगारांसाठी राजस्थानने २०२३ साली कायदा केला. न्यूयॉर्कच्या त्या बारा तासांच्या कायद्याचे हे दूरचे भावंड म्हणता येईल.

आणि दुसरा प्रश्न रस्त्याचा. जासईला रस्त्याचा इतिहास शिकविण्याची गरज नाही. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी, अशाच थंडीच्या दिवसांत, याच गावचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी रस्त्यावर उभी राहिली. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. त्याच भूमीवरून बंदराकडे जाणारे रस्ते झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये समुद्रावरून आलेला अटल सेतू शेजारच्या चिर्ले गावापाशी उतरला. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग तर २००२ पासूनच चालू आहे. या दोन्ही मार्गांवर सायकलला मज्जाव आहे. वेगाच्या रस्त्यावर सायकल नसावी हे मी समजू शकतो. पण मग ती असावी कोठे? ट्रेलरांच्या रांगेत धुळीने माखलेल्या कडेवर? ज्यांच्या जमिनीतून रस्ता गेला, त्यांच्या मुलाला त्याच रस्त्याकडेने सायकलवरून कामावर किंवा शाळेत जाता येऊ नये, हा न्याय नव्हे. बंदराच्या प्रत्येक गेटापर्यंत सायकलीची वेगळी, सुरक्षित वाट असावी, ही मागणी ग्रामपंचायतीने आणि युनियनांनी मिळून ठरावाच्या रूपाने मांडली पाहिजे.

येत्या हिवाळ्यात आपल्या गावचे काही तरुण घाट चढावयास जातील तर त्यांनी जरूर जावे. रात्री झोप पुरी घ्यावी, भाकरी बांधून घ्यावी, सोबत्याला मागे टाकून माथ्यावर पोहोचलो म्हणून फुशारू नये. चढावर दम लागला म्हणजे शिंगरोबापाशी थोडे थांबावे आणि खाली दिसणाऱ्या बोगद्यांकडे पाहावे. त्या कातळात ज्यांचे घण पडले, त्यांनी रविवार पाहिला नव्हता, आठ तास पाहिले नव्हते, आणि माथ्यावर त्यांच्यासाठी कोणी हार घेऊन उभा नव्हता. पहिला येईल त्याला घाटाचा राजा म्हणण्याची रीत चालू राहो. त्या राजाने मात्र आपल्या गळ्यातील हारातले एक फूल त्या बेचाळीस हजारांच्या नावाने वाटेवर ठेवावे. तेवढे केले की पदवी त्याला शोभेल.